भ्रमणध्वनी बाहेर काढावा

सचिव देवानंद गवई यांना पहिला धक्का दिला तो एका कोंबड्याने, आणि तोही भर श्रद्धांजलीत.

जानेफळच्या कपिलधारा शेतकरी सहकारी संस्थेची मासिक बैठक होती. एक जुने सभासद वारले होते म्हणून सगळे संचालक उभे होते, माना खाली, हात पुढे बांधलेले. हॉलमध्ये इतकी शांतता, की भिंतीवरच्या पालीलासुद्धा चुकचुकायचा संकोच वाटावा. आणि त्या शांततेत कोंबडा आरवला. एकदा आरवून गप्प बसला असता तर गोष्ट वेगळी, पण हा सारखाच आरवायला लागला. तो कृषी सेवा केंद्रवाल्या तुळशीरामांच्या खिशात राहत होता. बरं, माणसाने लाजून फोन बंद करावा की नाही? तुळशीरामांनी मान तशीच खाली ठेवून फोन कानाला लावला आणि म्हणाले, "हाव, बोल. नाई नाई, मोकळाच हाय. श्रद्धांजली चालू हाय."

तेवढ्यात अध्यक्ष सिंधूताईंच्या बटव्यात एक बाळ खदखदून हसायला लागलं. ही त्यांच्या नातवाची आवडती रिंगटोन. वारलेल्या माणसाचा मुलगा समोरच उभा होता! तो बिचारा एकदा कोंबड्याकडे बघे, एकदा बाळाकडे बघे, आणि शेवटी बापाच्या फोटोकडे बघून त्यालाच हसू फुटलं.

देवानंद सुन्न झाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही त्यांची खूण होती. लोक रागाने ओरडतात, रडतात, ताट आपटतात, देवानंदांच्या फक्त कानाच्या पाळ्या लाल होतात. रुमालालाही इस्त्री करणारा माणूस! बैठक म्हणजे बैठक, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत जानेफळात त्यांच्या एकट्याचंच होतं.

घरी आल्यावर त्यांनी जेवता जेवता सगळं सांगितलं. त्यांच्या मिसेस, महामायाबाई, तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "तं मंग सांगा ना त्यायले, फोन बंद करा म्हून."

"असं तोंडी सांगून चालत नाही. रीतसर व्हायला पाहिजे."

"रीतसर काऊन? तोंड हाय ना तुमाले?"

महामायाबाईंचा हा सल्ला अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला सल्ला होता. म्हणूनच तो कोणी ऐकला नाही. उलट कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे माणिकराव बोलले. माणिकराव महसूल खात्यातून रिटायर झालेले, पण खातं त्यांच्यातून रिटायर झालेलं नव्हतं. भिंतीच्या त्या बाजूला त्यांनी एक स्टूलच ठेवलं होतं, सल्ला द्यायला उंची पुरावी म्हणून.

"देवानंदराव, लेखी सूचना काढा. अन् शुद्ध मराठीत काढा. 'मोबाईल' लिहाल तं कोनी घाबरनार नाई. 'भ्रमणध्वनी' लिहा. शब्दातच दरारा पाहिजे."

दरारा हा शब्द देवानंदांना फार आवडला. त्यांनी सूचना तयार केली: 'बैठक सुरू असताना भ्रमणध्वनी वाजल्यास तो तत्काळ बाहेर काढावा. आदेशावरून.' आदेश कोणाचा, हे विचारायचं नाही. सूचनेखाली 'आदेशावरून' नसेल तर ती सूचना नागडी दिसते.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या झेबाने ती टाईप केली आणि वळून म्हणाली, "सर, बाहेर काढावा म्हन्जे कुठून? लोकं याचा उलटा मतलब काढतीन."

"झेबा, शुद्ध मराठीतून उलटा अर्थ निघत नसतो."

झेबाने प्रिंटचं बटण दाबलं. पगार टायपिंगचा होता, वादाचा नव्हता.

पुढच्या बैठकीला देवानंद आले तर हॉलमधला लाऊडस्पीकरच गायब! सिंधूताईंनी सकाळीच माणसं लावून तो खाली उतरवला होता. "तुमीच तं लिवलं, देवानंदभाऊ! भ्रमणध्वनी बाहेर काढावा. रिक्शावर बसून गावभर भ्रमन करून बोंबलते तोच ना हा भोंगा? टाकला बाहेर." देवानंदांनी भ्रमणध्वनी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग थोड्या वेळाने कुणाचा तरी फोन वाजला, आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या संचालकांनी सूचनेचा मान राखून आपापला फोन बाहेर काढला! कुणी खिशातून, कुणी बनियनच्या आतून, एकाने तर सॉक्समधून. ज्याचा वाजत होता त्याने उचलला आणि बाकीच्यांनी, आता बाहेर काढलाच आहे तर, म्हणून घरी एकेक फोन करून घेतला.

तुळशीराम म्हणाले, "तत्काळ लिवलं होतं ना? पाहा, एकानंबी उशीर नाई केला."

कानाच्या पाळ्या लाल. त्या दिवशी तर त्या घरी पोचेपर्यंत उतरल्या नाहीत.

मग निघाली खोक्याची कल्पना. बैठकीला येताना प्रत्येकाने आपला फोन दारातल्या खोक्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. किती साधी गोष्ट! पण देवानंद रीतसर माणूस. सभासदांची वस्तू संस्थेने ताब्यात घ्यायची, तर ती कोणत्या कलमाखाली? त्यांनी वरच्या कार्यालयाकडे सविस्तर पत्र पाठवून मार्गदर्शन मागितलं. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले. भ्रमणध्वनीबाबतचे मार्गदर्शन दूरध्वनीवरून घ्यावे.' देवानंदांनी दूरध्वनी केला. तो व्यस्त होता. आजही असेल.

शेवटी त्यांनी मार्गदर्शनाशिवाय जगायचं ठरवलं. तुळशीरामांनी दुकानातला बियाण्याचा एक रिकामा खोका दिला. चारी बाजूंनी टपोऱ्या, दुधासारख्या बोंडाचं चित्र. पण फोन आत पडल्या पडल्या एकमेकांवर आपटून खडखडायला लागले, आणि थरथरणारे फोन तर खोक्यासकट चालायला लागले. टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन एकदा खोका पडता पडता वाचला.

माणिकराव स्टुलावर चढले. "अहो, कापूस भरा त्याच्यात! आवाज गप. अन् कापसाले यंदा दुसरं काम कोन देऊन राह्यलं?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी गमतीत म्हटलं, पण हसलं कोणी नाही. कारण यंदाचं साल तसंच होतं. बीटी पेरली म्हणजे अळी जवळ फिरकत नाही, असं इतकी वर्षं सगळे धरून चालले होते, आणि यंदा बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात जेवायला बसलेली. बाहेरून बोंड हिरवंगार, आतून कापसाची माती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून हरभरा टाकायला थांबावं तर जमिनीतली ओल रोज कमी होत चाललेली, आणि उपटावी तर पुरावा जातो! नुकसानीच्या पाहणीला सरकारी पथक यायचं होतं. ते येऊन लिहून जाईपर्यंत झाड उपटता येत नव्हतं. सगळं गाव रोज सकाळी रस्त्याकडे बघायचं आणि रोज संध्याकाळी वावराकडे.

आणि नेमका बैठकीच्या दिवशी सकाळी निरोप आला, पथक आज मेहकरला आहे. दुपारी पथकाचे साहेब देवानंदांच्या फोनवर फोन करतील, तेव्हा कोणाच्या वावरात यायचं ते सांगा. फोन उचलला नाही तर पुढच्या गावाला जातील, यादी मोठी आहे.

एवढंच नाही, किडक्या बोंडांचा नमुना आजच बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत पोचवा, असंही होतं. सिंधूताईंच्या वावरातून आसिफने, म्हणजे संस्थेच्या शिपायाने, सकाळी बोंडं तोडून आणली. एसटीने नमुना नेणारही तोच होता. तुळशीरामांनी नमुन्यासाठी खोका दिला. कोणता? अहो, दुकानात एकाच जातीचे खोके, तर दुसरा कुठून देणार! तेच टपोरं बोंड, तोच दुधासारखा रंग. किडकी बोंडं दबू नयेत म्हणून वरून कापूस. देवानंदांनी दोन्ही खोक्यांवर स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन्हींवर लिहिलं, 'हात लावू नये.' आणि दोन्ही दाराजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

बैठकीची वेळ झाली. देवानंद दारात उभे. एकेक संचालक येऊन थबकायला लागला.

"पयला फोन सचिवाचा," सिंधूताई म्हणाल्या. "मंग आमचा."

"ताई, आज पथकाचा फोन यायचाय माझ्यावर."

"पाहा!" तुळशीराम टाळी वाजवून म्हणाले. "नियम आपल्याले, सूट साहेबाले! असंच असते, बाप्पा. असंच असते."

हे लागलं. देवानंदांना शिवी दिली असती तर चाललं असतं, पण नियमाच्या बाबतीत आरोप? त्यांनी आपला फोन काढला, आवाज पूर्ण चढवला, खोक्यात सगळ्यात वर ठेवला, आणि त्यावर कापसाचा इतका पातळ थर पसरला की बाळालाही गरम होऊ नये. वाजला की ऐकू येणारच. मग तुळशीरामांनी कडेने कोंबडा आत टाकला, सिंधूताईंनी बाळ टाकलं. 'खास निमंत्रित' म्हणून आलेल्या माणिकरावांनीसुद्धा आपला टाकला. देवानंदांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

आणि ती बैठक काय सुंदर झाली! सुरुवातीला सगळ्यांचे हात नुसतेच खिशांपर्यंत जाऊन परत येत होते. पण मग माणसं एकमेकांकडे बघून बोलायला लागली. कोणत्या वावरात पथकाला आधी न्यायचं, कोणाची बोंडं सगळ्यात जास्त गेली, जीप कुठपर्यंत जाईल, सगळं ठरलं. गंमत म्हणजे भांडण नाही. देवानंद एका बाजूला लिहीत होते आणि एका बाजूला ऐकत होते. मधेच रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, आसिफ धावत आत आला, टेबलावरचा खोका उचलून धावत बाहेर गेला. कुणाचं लक्षही गेलं नाही.

उन्हं खिडकीतून आत सरकत आली. फोन काही वाजला नाही. देवानंदांनी दोनदा मान वळवून बघितलं. सिंधूताई बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "भाऊ, आता यायले पाहिजे होता ना?"

देवानंद उठले, टेबलापाशी गेले, खोक्यात हात घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं. मऊ लागणारच, कापूस होता. मग ते मऊ हललं.

"आला!" ते आनंदाने म्हणाले. "व्हायब्रेट होतोय!"

आणि त्यांनी हात बाहेर काढला. बोटावर एक गुलाबी अळी होती. जाडजूड, तुकतुकीत, आणि सचिवांच्या बोटावरून अंगठीकडे निघालेली.

अख्खं संचालक मंडळ उभं राहिलं. ही मात्र खरी श्रद्धांजलीची शांतता होती. मग तुळशीराम अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग फोन कुठं हायेत?"

फोन बुलढाण्याला निघाले होते.

देवानंदांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत, पांढऱ्या पडल्या. हे कुणी पूर्वी बघितलं नव्हतं. साहेबांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये, फोन खोक्यात, खोका आसिफजवळ, आसिफ बसमध्ये, आणि आसिफचा फोन? तोही त्याच खोक्यात, कारण सकाळी सगळ्यात आधी उत्साहाने त्यानेच टाकला होता!

आणि तेवढ्यात बाळ हसलं.

सगळे दचकून वळले. बाळ सिंधूताईंच्या कमरेपाशी हसत होतं. सिंधूताईंनी अगदी सावकाश निऱ्यांशेजारून एक इवलासा फोन काढला.

"ताई!" देवानंद ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तुम्ही?"

"हा तो फोन नाई, भाऊ. तो संस्थेचा होता, टाकला खोक्यात. हा घरचा हाय. घरच्या फोनाचं सूचनेत काई नव्हतं." आणि त्यांनी उचलला. पलीकडून सुनेचा किंचाळलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आत्याबाई! तुमी बऱ्या हाये ना? तुमच्या दुसऱ्या फोनवर कोन्ती तं बाई बोलून राह्यली! म्हने, तुमची सासू मले दिसली नाई, पन तिचा फोन कापसात सापडला!"

देवानंदांनी झडप घालून तो इवलासा फोन घेतला, स्पीकर लावला, आणि स्वतःचाच नंबर दाबला. आपलाच नंबर आपण लावताना माणसाला फार चमत्कारिक वाटतं. उचलला गेला.

"हालो! कोन पाहिजे?" बाईंचा खणखणीत आवाज. मागे एसटीचा खडखडाट.

"मी देवानंद गवई बोलतोय. तुम्ही कोण?"

"मी गोजरबाई. थांबा, देवानंद पाहाते. लय फोन हायेत बापा इथं. खोकाभर हायेत."

"अहो, मीच देवानंद! तो फोन माझा आहे!"

"मंग उचलत काऊन नव्हते? मघापासून बोंबलून राह्यला तो."

हळूहळू उलगडा झाला. बसमध्ये आसिफला जागा मिळाली नव्हती. आपल्याकडे उभ्या माणसाने आपलं ओझं बसलेल्याच्या मांडीवर द्यायचं, ही एसटीची जुनी रीत. त्याने खोका गोजरबाईंच्या मांडीवर दिला आणि स्वतः गर्दीत ढकलला जात पार ड्रायव्हरपाशी गेला. गोजरबाई बाजार करून आपल्या गावी चालल्या होत्या. मांडीवरचा खोका आधी आरवला, मग हसला, मग थरथरला. दुसरी एखादी असती तर खोका टाकून उठली असती. गोजरबाईंनी चिठ्ठी बाजूला केली आणि उचलायला सुरुवात केली. तुळशीरामांच्या बायकोलाही त्यांनी उत्तर दिलं होतं, असं कळल्यावर तुळशीराम खुर्चीत बसले आणि मग बराच वेळ उठले नाहीत.

"गोजरबाई, माझ्या फोनवर कोणाचा फोन आला होता?"

"कोन्या तं साहेबाचा. लय गोड बोलला. म्हने, कोनाच्या वावरात येऊ? मी म्हनलं, बोंडअळीच पाहाची असन तं माझ्याच वावरात या. लय हाये. रोडालाच लागून हाये, बुटाले चिखोलबी लागनार नाई."

"मग?"

"म्या गाव सांगतलं. म्हने, बरं, येतो."

हॉलमध्ये कुणीतरी "गेलं पथक!" म्हणालं. कुणीतरी कपाळावर हात मारला. जानेफळची अळी जानेफळातच राहणार, आणि पाहणी भलत्याच गावची होणार! सिंधूताई एवढंच म्हणाल्या, "माही पऱ्हाटी अजून कितीक दिस उभी ठेवू, भाऊ?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गोजरबाई, त्या साहेबांचा नंबर मला सांगा!"

"इथं कुलूप दिसून राह्यलं. ठिपके ठिपके हायेत. थांबा, कंडक्टरले देते."

कंडक्टर आला. "बोला. प्याटर्न काय हाय?"

देवानंदांनी स्पीकरवर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण तो इतका छोटा फोन, त्याचा स्पीकर नेमका कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. "इंग्रजी एम," ते पुटपुटले.

"कोन्ता? लय खडखड हाय. एन का?"

"एम! एम!"

"एम कायचा?"

अख्खं संचालक मंडळ पुढे झुकलं. माणिकराव तर उठून जवळ आले.

"महामायाचा," देवानंद म्हणाले.

"वा!" माणिकराव म्हणाले. आणि बसमधून, स्पष्ट ऐकू आलं, पाचसहा बायका एकदम हसल्या. आता हे महामायाबाईंना कळायला सूर्यास्तापर्यंतही वेळ लागणार नव्हता.

पण नंबर मिळाला. देवानंदांनी साहेबांना फोन लावला, सगळं सांगितलं. साहेब गोजरबाईंच्या वावराच्या बांधावरच उभे होते. "तुम्ही सचिव?" साहेब म्हणाले. "सचिव जानेफळात अन् सचिवाचा फोन बसमध्ये? ज्याला फोन सांभाळता येत नाही तो संस्था काय सांभाळणार? येतो. पण थांबणार नाही. सह्या तयार ठेवा."

देवानंदांनी तेही गिळलं. येतायत ना, बस!

जीप आली तेव्हा तुळशीराम सोडून सगळे दारात उभे होते. साहेब उतरले तेच कानाला फोन लावून. एका हाताने नमस्कार घेतला, आत आले, खुर्चीत बसले, आणि बोलतच राहिले. "नाही, पनीर नको म्हणावं. मागच्या लग्नात पनीर कमी पडलं होतं. हां. मंडप झालरीचाच."

सिंधूताई पुढे झाल्या. "साहेब, माह्या वावरात..."

साहेबांनी बोट वर केलं. थांबा. सिंधूताई थांबल्या. मग तुळशीरामांनी तोंड उघडलं, त्यांनाही बोट. एवढी माणसं ताटकळत उभी, आणि साहेब झालरीचा रंग ठरवतायत! देवानंद बघत होते. ज्याची सगळं गाव रस्त्याकडे डोळे लावून वाट पाहत होतं, तो माणूस आला, समोर बसला, आणि आलाच नव्हता. त्यांना कोंबडा आठवला, बाळ आठवलं. ते सगळं आता देवाघरच्या फुलांसारखं निरागस वाटत होतं.

साहेबांनी फोन खांद्यात दाबून धरला, पेन काढलं, पाहणीचा कागद पुढे ओढला आणि न बघता लिहिलं. देवानंद शेजारीच उभे होते, त्यांनी सिंधूताईंना ऐकू जाईल असं पुटपुटत वाचलं. 'जानेफळ: किरकोळ प्रादुर्भाव.'

किरकोळ!

देवानंदांच्या कानाच्या पाळ्यांचं काय झालं ते या वेळी कुणी बघितलं नाही, कारण ते तडक दाराजवळच्या टेबलाकडे गेले होते. खोका दोन्ही हातांत धरून ते साहेबांसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, बैठक चालू आहे. या संस्थेत बैठकीत भ्रमणध्वनी चालत नाही."

"काय चालत नाही?" साहेबांनी कानापासून फोन दूर केला.

"मोबाईल, साहेब. मोबाईल खोक्यात टाकायचा."

सिंधूताईंचे डोळे विस्फारले. तुळशीराम पुटपुटले, "मेलो आता." साहेबांना तर इतका धक्का बसला, की आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं गेलं. त्यांनी पनीरवाल्याला ठेवतो म्हटलं आणि फोन खोक्यात टाकला. तो कापसात पार खाली गेला. मग भानावर येऊन त्यांनी तो परत काढायला हात आत घातला, कोपरापर्यंत.

साहेबांचं ओरडणं रस्त्यावरच्या जीपच्या ड्रायव्हरला ऐकू गेलं.

हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक अळी, बाहीवर एक, आणि एक घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरण्याच्या बेतात. साहेब खुर्चीवर उभे राहिले होते. "हे... हे काय आहे?"

"किरकोळ प्रादुर्भाव," सिंधूताई म्हणाल्या.

साहेब खुर्चीवर उभे, आणि खाली सगळे त्यांच्याकडे बघत. सिंधूताईंनी खोक्यातून एक बोंड घेतलं, हिरवंगार, चांगलं दिसणारं, आणि त्यांच्यासमोर दोन अंगठ्यांनी फोडलं. आत काय होतं ते साहेबांनी बघितलं. मग दुसरं फोडलं. तिसरं साहेबांनी स्वतः घेतलं. फोडलं, आणि बराच वेळ बघत राहिले. बहुतेक त्यांनी या मोसमात कागदावरची अळीच पुष्कळ बघितली असावी.

"सगळी एका वावरातली?"

"माह्या. बाकीच्यायचीबी दाखवते ना, चाला. पायीच जा लागते, जीप जात नाई तिथपर्यंत."

साहेब खाली उतरले. 'किरकोळ'वर त्यांनी आडवी रेघ मारली, कागद खिशात घातला, आणि बाहेर निघाले. सगळं संचालक मंडळ मागे. तुळशीरामसुद्धा उठले. उन्हं कलत होती आणि माणसं वावराच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, एका रांगेत पऱ्हाट्यांमध्ये शिरत होती. मधेच साहेब वाकताना दिसायचे, बोंड तोडताना दिसायचे.

हॉलमध्ये देवानंद आणि झेबा दोघेच राहिले. आणि खोका. खोका वाजायला लागला. कापसातून निळा उजेड चमकत होता. झेबाने वाकून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

"सर, याच्यावर 'बडे साहेब' येऊन राह्यलं! उचलू का?"

देवानंदांनी खिडकीतून वावराकडे बघितलं. साहेब आता सिंधूताईंच्या पऱ्हाटीतून पुढच्या वावरात चालले होते. मग त्यांनी इस्त्रीचा रुमाल काढून हाताला गुंडाळला, मूठभर किडकी बोंडं उचलली आणि वाजणाऱ्या फोनवर नीट पसरली.

"राहू दे, झेबा. सांग त्यांना, बैठक चालू आहे म्हणून. नाही, सांगूही नकोस."